पाणी पिणारी काठवट

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे आणि माझ्या जन्माचं सोनं भाताने केलं. आमच्याकडची माणसं हे ऐकून हसतील. काठवट म्हणजे ज्वारीचं पीठ मळायची लाकडी परात. तिचा भाताशी काय संबंध? लातूरकडे भात सणावाराला, नाही तर आजाऱ्याला. पण मी खोटं बोलत नाही. एका बाजूला चीर, चिरेवर पत्र्याची पट्टी, मधोमध हातांनी घासून पडलेला खळगा, असं माझं रूप आहे. आज मी हैदराबादच्या एका छोट्या जपानी खानावळीत मानाने राहते. इथे कशी आले ते सांगते.

माझा जन्म औशाजवळच्या एका खेड्यातला. बांधावरचा म्हातारा आंबा वावटळीत उन्मळून पडला, तेव्हा रामलिंग सुताराने त्याच्या बुंध्याचा एक गोल तुकडा बाजूला काढला. तो सावलीत वाळवला आणि मग वाकसाने कोरत कोरत माझं पोट खोल केलं. गुणाबाई नावाची नवी नवरी मला न्यायला आली तेव्हा रामलिंगाने तिला सांगितलं, "सागाची असती तर गोष्ट येगळी होती, बाई. हे आंब्याचं लाकूड हाय, पाणी लई पितंय. तेवढं तेल पाजत जा."

त्या एका वाक्याने माझं आयुष्य ठरवलं. गुणाबाईची सासू रोज कुरकुरायची, "पीठ भिजवावं तर निम्मं पाणी हीच गिळती!" तहान लागणं हा माझा दोषच आहे, असं मलाही वाटू लागलं. गुणाबाई मात्र प्रेमळ होती. पाडव्याला, पोळ्याला, दसऱ्याला ती मला घासूनपुसून करडीचं तेल चोळायची. तेल मुरलं की माझी तहान दबून जायची. मी गुळगुळीत व्हायची, गप्प व्हायची आणि सासूबाईंचं बोलणं थांबायचं.

गुणाबाईच्या भाकरीचं मात्र काय सांगू! पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. ना मीठ, ना तेल. पण तिच्या तळव्याखाली तो गोळा फिरत फिरत असा मोठा व्हायचा, की मी रोज बघूनही थक्क व्हायची. तव्यावर टाकल्यावर भाकरी टम्म फुगायची आणि सासूबाईसुद्धा न कुरकुरता दुसरी मागून घ्यायच्या.

मग ती पहाट आली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून गाव दमून झोपलं होतं आणि जमीन हलली. आमच्याकडची घरं दगडमातीच्या जाड भिंतींची, वर मातीची जड माळवदं. उन्हाळ्यात ज्यांनी गारवा दिला, त्याच छपरांनी माणसं गाडली. मी ढिगाऱ्याखाली किती दिवस होते ते मला सांगता येणार नाही. उजेड दिसला तेव्हा माझ्या काठाला चीर गेली होती. गुणाबाईच्या घरातल्या आम्ही दोघीच उरलो होतो, ती आणि मी.

छावणीत गुणाबाई कुणाशी बोलत नव्हती. मला मांडीवर घेऊन बसून असायची. तेव्हा लातूरच्या गल्ल्यागल्ल्यांतून बायका भाकरी थापत होत्या आणि फडक्यांत बांधून ट्रकने गावोगाव पाठवत होत्या. अशाच एका ट्रकमधून रजियाबी उतरली. लातूरच्या हनीफभाईंची ती बायको. ते पत्र्याच्या पेट्या बनवायचे. रजियाबीने गुणाबाईच्या हातावर भाकरी ठेवली. गुणाबाईने ती उलटून पाहिली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"कड जाड हाय," ती म्हणाली. "मधी कच्ची ऱ्हायलीय."

आजूबाजूची माणसं चपापली. रजियाबी मात्र रागावली नाही. तिने गुणाबाईकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "मग तूच कर की, बाई. चल माझ्यासंगं. अजून लई गावं हायेत, लई भाकरी लागतेत."

गुणाबाईने मला कमरेवर घेतलं आणि ती ट्रकमध्ये चढली. पुढचे कित्येक दिवस रजियाबीच्या अंगणात मी कोरडी अशी राहिलेच नाही. ज्या बाईचं सगळं गेलं होतं, ती दुसऱ्यांच्या पोरांसाठी भाकऱ्या थापत होती. मित्रांनो, माणसाच्या हातात केवढं बळ असतं, ते मी तेव्हा पाहिलं. हनीफभाईंनी माझ्या चिरेवर पत्र्याची पट्टी ठोकून दिली. पेट्यांना लावतात तसलीच, बारीक खिळ्यांची.

गुणाबाई परत गेली नाही. काही दिवस लोक कुजबुजले, मग कंटाळून गप्प बसले. तोवर लातूरला वेगळंच वारं सुटलं होतं. डॉक्टर-इंजिनिअर व्हायचं तर लातूरला जायचं, असं घरोघरी ठरू लागलं. चाकूर, अहमदपूर, नांदेड, पार धर्माबादहून पोरं यायची. आली की आधी हनीफभाईंकडून पत्र्याची पेटी घ्यायची आणि मग विचारायची, "चाचा, जेवायचं कुठं?" हनीफभाई घराकडे बोट दाखवायचे. अशी रजियाबी आणि गुणाबाईची मेस सुरू झाली. कालवण रजियाबीचं, भाकरी गुणाबाईची. परीक्षेच्या दिवसांत पोरं जेवताना सूत्रं पुटपुटायची, आणि ती ऐकून ऐकून मलाही तोंडपाठ झाली होती.

वर्षं गेली. हनीफभाई अल्लाला प्यारे झाले. पोरांना भाकरी नको, चपाती हवी झाली. स्टीलची मोठी परात आली. गुणाबाईचे गुडघे धरले, आणि मी माळ्यावर गेले. तिथे जुन्या पेट्यांच्या मागे उभी करून ठेवलेली मी सुकत राहिले. गुणाबाई मला विसरली नाही. दर सणाला कुणाकडून तरी मला खाली उतरवून घ्यायची, करडीचं तेल चोळायची, म्हणायची, "ऱ्हा बाई, तू बी बस आता माझ्यासारखी." आणि मी पुन्हा वर जायची. प्रेम होतं, पण काम नव्हतं. काम नसलेलं प्रेम पोटाला लागत नाही, मित्रांनो.

आता कलीमची गोष्ट. कलीम हा रजियाबीचा मुलगा. तो दुबईला गेला आणि तिथे एका जपानी हॉटेलात लागला. मुलगा बावर्ची झाला, असं रजियाबी गल्लीभर सांगायची. कुणी "काय बनवतो?" असं विचारलं, की विषय बदलायची. कच्ची मासळी आणि गार भात, हे सांगायची तिला लाज वाटायची. पुष्कळ वर्षांनी कलीम परत आला तो उजव्या हाताला पट्टी बांधूनच. उकळत्या तेलाचं भांडं हातावर कलंडलं होतं. जखम भरली, पण बोटं आखडली ती आखडलीच. सुरी धरता येईना.

तो तिथल्या कामाबद्दल बोलायचा नाही. मनतशा मात्र त्याला सोडायची नाही. ही त्याची मुलगी, आईविना रजियाबीच्या हाताखाली वाढलेली. बारावी झाली होती, डॉक्टरकीची परीक्षा दिली होती आणि मार्क बेताचेच पडणार हे तिचं तिला माहीत होतं. जेवताना बाप डाव्या हाताच्या बोटांत भाताचं शीत घेऊन दाबून बघतो, हे तिने हेरलं होतं. एकदा तिने विचारलं, "अब्बा, काय बघता?"

"किती पाणी पिलंय ते," कलीम म्हणाला. आणि मग पहिल्यांदाच तो बोलायला लागला.

किमुरा नावाच्या उस्तादाच्या हाताखाली त्याने काम केलं होतं. त्याला सगळे किमुरा सान म्हणत. आपल्याकडे साहेब म्हणतात तसं. पहिलं वर्षभर किमुराने त्याला नुसते तांदूळ धुवायला लावले होते. "लोकांना वाटतं सुशी म्हणजे कच्ची मासळी. सुशी म्हणजे सिरक्याचा, व्हिनेगरचा भात. मासळी ही पाहुणी, भात हा घरधनी. मासळी नसली तर काकडी ठेवा, अंडं ठेवा, पण भात बिघडला तर सगळं गेलं," कलीम सांगत होता. समुद्रातलं शेवाळ गरम पाण्यात सोडून ते लोक असं सार करतात, की ते दिसतं नुसतं पाणी, पण जिभेच्या मुळाशी चव बसून राहते, असंही त्याने सांगितलं.

रजियाबी ऐकत होती. "मसाला न्हाई, तेल न्हाई, फोडणी न्हाई," ती म्हणाली. "मग स्वयंपाक केला कुठं?"

"अम्मी, तिकडं काय टाकायचं ते कमी शिकवतात. काय टाकायचं न्हाई, ते जास्ती."

गुणाबाई भिंतीला टेकून बसली होती. ती हळूच म्हणाली, "मग आपल्या भाकरीत तरी काय असतंय, रजियाबी? पीठ आन पाणी. पोरीला नीट जमायला वरीस जातंय की."

कलीम आपल्या या मावशीकडे बघतच राहिला. दुबईत त्याला जी गोष्ट समजायला इतके दिवस लागले होते, ती तिला बसल्या जागी कळली होती. माळ्यावर मीसुद्धा शहारले. सात समुद्रांपलीकडे कुणी आमच्यासारखं आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या दिवसापासून मनतशा बापाकडून ते काम शिकू लागली. थोड्याच दिवसांत किमुराचा फोन आला. तो हैदराबादला स्वतःचं छोटं हॉटेल काढणार होता आणि कलीमची जागा त्याने राखून ठेवली होती. कलीमने हाताचं सांगितलं. मग कलीम म्हणाला, "माझी मुलगी शिकून राहिली. तिला घ्याल का?" उत्तर आलं की तो लातूरला कलीमला भेटायला येईल, आणि तेव्हा मुलीच्या हातचा भात खाईल. मासळी वगैरे काही नको, पारख फक्त भाताची.

रजियाबीने आपली अट घातली. "त्याला भात आवडला तर जा. न्हाई आवडला तर पुन्हा क्लास लाव आन डॉक्टर हो. मधलं काई न्हाई." मनतशाने मान डोलावली. एवढ्या एका भातावर तिचं पुढचं सगळं आयुष्य ठेवलेलं होतं.

आणि उन्हाळा कोणता, तर ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो. गल्लीत टँकर आला की घागरींची रांग लागायची. पाण्यावरून सख्खे शेजारी भांडायचे. अशा दिवसांत मनतशा तांदूळ धुवायला बसली. कलीमने जुन्या ओळखीने इंद्रायणी तांदूळ मिळवला होता, आखूड आणि चिकट. एकदा धुतला, पाणी पांढरं. दुसऱ्यांदा धुतला, तरी पांढरं.

"बस कर गं!" रजियाबी ओरडली. "लोकं प्यायला तरसून राहिलेत, आन ही तांदळाला आंघोळ घालून राहिली!"

"दादी, पाणी निवळ होईस्तोवर धुवावं लागतंय."

"तुझ्या त्या सायबाला म्हणावं, लातूरला ये आन मग धू!"

ती चुकीचं बोलत नव्हती. कलीमलाही ते कळत होतं. त्याने थेंबभरही पाणी वाया न घालवायची रीत घालून दिली. पहिलं धुवण शेळीला, पुढचं भांड्यांना, शेवटचं दारातल्या कढीपत्त्याला. जपानी स्वयंपाकघरातही तांदळाचं धुवण कुणी फेकत नाही, असं तो म्हणाला. रजियाबी पुटपुटत राहिली, पण शेळीपुढची बादली मात्र तिने स्वतः सरकवली.

भात काही जमेना. शिजलेला गरम भात मनतशा स्टीलच्या परातीत उपसायची, त्यावर सिरका, साखर, मीठ घालायची, आणि खाली पाण्याचं डबकं साचायचं. वरचा भात कोरडा, खालचा गिच्च. त्यात तिचे हात भाकरीच्या घरातले. भात दिसला की ती तळव्याने मळायलाच लागायची. "अगं, पीठ न्हाई ते!" कलीम डोक्याला हात लावायचा. "भाताला मळायचं न्हाई. उलथन्यानं कापल्यासारखं करायचं. शीत मोडलं की संपलं." पण परातीचं काय करावं, हे त्यालाही सुचत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "किमुरा सानकडं लाकडाचं मोठं पसरट भांडं होतं. जास्तीचं पाणी ते लाकूड पिऊन टाकायचं. तसलं इथं कुठं मिळायचं?"

गुणाबाईने मान वर केली. "पाणी पिणारं लाकूड?" ती म्हणाली. "मग ती माळ्यावर बसलीय ती कोण हाय?"

मित्रांनो, मी माळ्यावरून खाली कशी आले ते मला आठवत नाही. ज्या तहानेपायी मी आयुष्यभर बोलणी खाल्ली, ती तहानच कुणाला तरी हवी होती! माझा विश्वास बसेना.

पण पहिल्या दिवशी मी सपशेल नापास झाले. भात माझ्यात पडला आणि नुसता घसरत राहिला. सिरक्याला करडीच्या तेलाचा वास लागला. मी एक थेंबही प्यायले नाही. कलीमने माझ्या पोटावरून बोट फिरवलं, हुंगलं आणि विचारलं, "हिला तेल कुणी लावलं?"

गुणाबाईचा चेहरा उतरला. "मीच लावत आले," ती म्हणाली. "इतकी वर्सं. चिरू नये म्हणून. मला काय ठावं, मी तिचं तोंड बंद करून राहिले ते."

मला तिला सांगायचं होतं, की बाई, त्या तेलानेच मी टिकले. पण लाकडाला बोलता येत नाही. कलीम तिच्या शेजारी बसला. "मावशी, तुमच्यामुळंच ती इथवर आली. आता फक्त तिला तहान लागू द्या." मग गुणाबाईनेच मला मांडीशी घेतलं आणि राख आणि ऊन पाण्याने घासलं. पुन्हा घासलं, उन्हात ठेवलं, पुन्हा घासलं. थरामागून थर तेल निघत गेलं, आणि किती वर्षांनी माझा आंब्याचा वास मला परत आला. मग कलीमने सांगितलं, की दर वेळी भात शिजेपर्यंत हिच्यात स्वच्छ पाणी भरून ठेवायचं. लाकूड आधी भिजलेलं हवं. कोरडं असलं तर ते भाताचा जीवच ओढून घेतं. आणि धुवणाचं पाणी चालणार नाही, त्याने चिकटपणा येतो.

त्यानंतरचा भात मी विसरणार नाही. वाफाळता ढीग माझ्यात ओतला गेला. उलथन्यावरून सिरका खाली ठिबकला. मनतशा कापत गेली, दुमडत गेली. गुणाबाई समोर बसून सुपाने वारा घालत होती. जास्तीचं सगळं पाणी मी हळूहळू पिऊन घेतलं. आणि बघता बघता एकेक शीत वेगळं झालं, चकाकू लागलं, तरी एकमेकाला धरून राहिलं. रजियाबीसुद्धा दारात थांबून बघत होती. पुढे येऊन तिने चव मात्र घेतली नाही.

"गार भात मी खात न्हाई," एवढंच म्हणून ती आत गेली.

किमुरा यायचा दिवस उजाडला आणि टँकर आला नाही. सकाळपासून गल्ली रिकाम्या घागरी घेऊन उभी होती. घरात होतं नव्हतं ते पाणी मनतशाने मोजूनमापून काढलं. त्यात तांदूळ जेमतेम धुऊन शिजले असते. मला भिजवायला काही उरत नव्हतं. कमी धुवावे तर भात गिच्च. मला कोरडं ठेवावं तर भात कोरडाठाक. मनतशा माझ्यासमोर बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी तहानलेली होते. शेजारी मागावं तर कुणाकडे मागणार?

घरात आणखी एक घागर होती. तिला कुणी हात लावत नसे. ती रजियाबीची. नमाजाआधी हात-तोंड-पाय धुतात, त्याला वजू म्हणतात. दिवसभराच्या वजूचं पाणी रजियाबी त्या घागरीत झाकून ठेवायची. तोटीच्या लोट्याने, ज्याला ते बधना म्हणतात, जपून जपून घ्यायची. त्या उन्हाळ्यात तिने प्यायला कमी घेतलं होतं, पण वजू चुकवला नव्हता.

दुपारच्या नमाजाची वेळ झाली. रजियाबी उठली. घागरीजवळ गेली. बधना भरला. मग ती तशीच उभी राहिली. परसदारी गुणाबाई बसली होती. तिच्याकडे बघून रजियाबी म्हणाली, "गुणा, पाणी नसलं तर मातीनं बी वजू होतो. अल्लानं सवलत दिलीय. तयम्मुम म्हणतेत."

"पण पाणी तर हाय की तुझ्याकडं," गुणाबाई म्हणाली.

"कुठं हाय?" रजियाबी म्हणाली. "हे तर पोरीच्या भाताचं हाय."

ती माझ्याजवळ आली, वाकली आणि बधन्याची तोटी माझ्या पोटावर धरली. ते पाणी माझ्यात उतरलं. मग तिने घागरच आणून मनतशापुढे ठेवली. मनतशा "दादी, दादी" म्हणत राहिली. तिच्याकडे न बघता रजियाबी अंगणात गेली. स्वच्छ मातीवर दोन्ही तळवे टेकले, ते चेहऱ्यावरून फिरवले, हातांवरून फिरवले आणि नमाजाला उभी राहिली. मी पुष्कळ पाहिलं आहे, मित्रांनो. जमीन हललेली पाहिली आहे. पण तशी थरारले ती मी त्या दुपारीच.

किमुरा आला. वयस्कर, शिडशिडीत माणूस. दुबईच्या स्वयंपाकघरात शिकलेलं मोडकंतोडकं हिंदी त्याला येत होतं. त्याने आधी कलीमचा आखडलेला हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. मग सतरंजीवर गुडघे मोडून बसला. मनतशाने कलीमने दुबईहून आणलेल्या शेवाळाच्या काळ्या पापुद्र्यावर भात पसरला, मधे काकडी ठेवली, बांबूच्या काड्यांच्या छोट्या चटईने गुंडाळी केली आणि कापून पुढे ठेवली. कोपऱ्यातून गुणाबाई कुजबुजली, "कोळशाचा पापड दिसतोय गं," आणि तेवढ्या धाकातही मनतशाला हसू आलं.

किमुराने एक तुकडा तोंडात घातला. डोळे मिटले. चावत राहिला. दुसरा घेतला. ताटलीत पडलेलं एक शीत त्याने बोटाने टिपून तोंडात घातलं. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. तो उठून माझ्याजवळ आला. माझ्या पट्टीवरून, चिरेवरून, मधल्या खळग्यावरून हात फिरवला, आणि परत येऊन बसला.

"येताना रस्त्यावर घागरींची रांग पाहिली," तो थांबत थांबत म्हणाला. "पाणी नाही या गावात. आणि हा तांदूळ निवळ होईपर्यंत धुतलेला आहे. पाणी कुठून आलं?"

मनतशाने खाली मान घातली. कलीमने मग त्याला सगळं सांगितलं, वजूचं आणि मातीचं. किमुराने ताटली बाजूला ठेवली. रजियाबीकडे तोंड करून बसला, दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि कपाळ पार जमिनीला लावलं.

"तोबा, तोबा!" रजियाबी घाबरून मागे सरकली. "उठवा रे त्याला! डोकं फक्त वरच्यापुढं टेकायचं असतंय!"

"अम्मी, त्यांच्यात असंच आभार मानतात," कलीम म्हणाला.

किमुरा सावकाश उठला. मनतशाकडे वळला. "भात अजून झाला नाही," तो म्हणाला. तिचा चेहरा पडला. "दहा वर्षं लागतील. तिला माझ्याकडे पाठवा. आणि हिला पण," आणि त्याने माझ्याकडे बोट केलं.

मनतशा रडत होती की हसत होती, कुणाला कळेना. रजियाबी पुढे आली. ताटलीतला शेवटचा तुकडा तिने उचलला, "बिस्मिल्ला" म्हणाली आणि तोंडात घातला. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने पूर्ण चावून गिळला.

"गार हाय," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "पण गोड हाय." आणि पदराने डोळे टिपत ती आत निघून गेली.

मित्रांनो, म्हणून एक सांगते. घरातली जुनी वस्तू जपा, पण जपायचं म्हणजे तेल लावून माळ्यावर ठेवायचं असं नाही. तिला कशाची तहान आहे ते विचारा. माणसांनाही विचारा. एखाद्याचा दोष म्हणून आपण जो झाकून ठेवतो, तोच त्याचा गुण असेल, कुणी सांगावं?

निघताना गुणाबाईने माझ्या काठावरून हात फिरवला. तेल लावलं नाही. रजियाबीने मनतशाच्या पेटीत काहीतरी कापडात गुंडाळून ठेवलं. हैदराबादला पेटी उघडली तेव्हा ते काय होतं हे कळलं. इथे नळ सोडला की धो धो पाणी येतं. पण मनतशा रोज सकाळी तांदूळ चुलीवर ठेवते, तो तोटीचा बधना भरते, "घे, दादीचं पाणी" म्हणते आणि माझ्यावर धार धरते. मी पिते.